गोव्यातल्या मक्यातले तण: कोणते तणनाशक, किती आणि कधी

मका उगवून आल्यावर पहिले दोन आठवडे शेत देखणे दिसते. ओळी सरळ, मधली माती मोकळी, तण असलेच तर नखाएवढे. पुष्कळ जण इथेच निर्धास्त होतात. मक्याला तणाचा खरा फटका बसतो तो पेरणीनंतर साधारण १५व्या दिवसापासून ४५व्या दिवसापर्यंत. रोप गुडघ्याएवढे व्हायच्या सुमारास आतल्या आत कणीस घडायला लागते. त्यावर दाण्यांच्या ओळी किती, एका ओळीत दाणे किती, हे या दिवसांत ठरत जाते. तेव्हा नत्र, पाणी आणि ऊन तणाने खाल्ले, तर पुढे कितीही खत टाकून ती तूट भरून निघत नाही. ४५ दिवसांनंतर मका डोक्यावर जातो आणि त्याच्या सावलीत उशिरा आलेले तण फारसे वाढत नाही. म्हणून सगळे लक्ष या एका महिन्यावर द्यायचे.

गोव्यात मका हे भातासारखे मुख्य पीक नाही. सत्तरी, डिचोलीकडे पावसाळी भाजीच्या मळ्यात चार ओळी असतात. पाण्याची सोय आहे तिथे भात कापल्यावर वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, कोणी स्वीट कॉर्न लावतो, आणि दुभती गुरे असलेले वैरणीसाठी दाट मका पेरतात. तुकडे लहान, हजार-दोन हजार चौरस मीटरचे. एका बांधापलीकडे शेजाऱ्याची मिरची, दुसऱ्या बाजूला सुपारी-नारळाचे कुळागर, कोपऱ्यात विहीर, आणि मका निघाला की त्याच जागी आळसांदे (चवळी) किंवा तांबडी भाजी. विदर्भ-मराठवाड्यातल्या सलग दहा एकर मक्यासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मी या पिकात औषध निवडताना तण दुसऱ्या नंबरला ठेवतो. आधी शेताच्या चारी बाजूंना काय आहे आणि या जमिनीत पुढे काय लावायचे आहे, ते पाहतो. तिथे चूक झाली तर तण मरते, पण नुकसान वेगळ्याच पिकात दिसते.

तणनाशक लागणार आहे का, हे आधी ठरवा

वैरणीचा मका असेल तर बहुतेक वेळा लागत नाही. आफ्रिकन टॉलसारखा वाण दाट पेरला की महिन्याभरात तो स्वतःच जमीन झाकतो आणि साधारण दोन महिन्यांत कापून गुरांपुढे जातो. त्यात औषध मारले तर औषधाबरोबरच्या पत्रकावर दिलेला, फवारणीपासून कापणीपर्यंत थांबण्याचा काळ पाळावा लागतो, आणि दुधाच्या गुरांसाठी तो धोका कशाला पत्करायचा? पेरणीआधी नांगरट नीट करा, पंधराव्या-अठराव्या दिवशी एक कोळपणी द्या, पुरते.

परंपरागत कृषी विकास योजनेच्या सेंद्रिय गटात शेत असेल तर रासायनिक तणनाशकाचा प्रश्नच येत नाही. मक्यात आळसांदे किंवा वाल आंतरपीक घेतले असेल, तर या लेखातली जवळजवळ सगळी औषधे बाद समजा. ॲट्राझीन असो वा टेंबोट्रायोन, मक्याला चालते आणि शेंगवर्गीय पिकाला जाळते. अशा जोडपिकात पेरणीनंतर लगेच मारायच्या पेंडिमेथालिनचा पर्याय उरतो. त्याबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारून, दोन्ही पिके सांगूनच निर्णय घ्या.

उरला स्वीट कॉर्न आणि दाण्याचा मका. बेणणीला, म्हणजे हाताने तण काढायला, माणसे मिळत नाहीत, मिळाली तरी सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असतात. इथे तणनाशकाला खरी जागा आहे.

शेतात कोणते तण आहे ते ओळखा

मागच्या हंगामात तिथे काय माजले होते, ते आठवा. आठवत नसेल तर पेरणीआधी एक पाणी देऊन आठ दिवस थांबा, जमीनच दाखवून देईल.

गवतवर्गात आपल्याकडे सावा, पाखड, हराळी. रुंद पानाचे म्हणजे माठ आणि काटेमाठ, केना, घोळ, दुधी, ओसाडी, टाकळा, कुर्डू, गाजर गवत. तिसरा वर्ग मोथ्यांचा, आणि त्यात सगळ्यांना पुरून उरणारा लव्हाळा. दिसायला तो गवतासारखा, पण दांडा बोटांत फिरवून पाहा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा तिधारी. ही ओळख महत्त्वाची, कारण गवतावर चालणारे औषध लव्हाळ्यावर चालेलच असे नाही.

हराळीबद्दल आताच सांगून टाकतो. मक्यात वरून मारता येणाऱ्या औषधांनी हराळी तात्पुरती पिवळी पडते आणि परत येते. ती एप्रिल-मेमध्ये नांगरून, मुळ्या वेचून, उन्हात वाळवूनच काढायची. रानमोडीची झुडपेही पेरणीआधी मुळासकट उपटायची, मका उभा असताना त्यांच्या नादी लागायचे नाही.

पेरणीआधी

सर्वांत स्वस्त तणनियंत्रण पेरणीच्या आधी होते. जमीन तयार करा, पाणी द्या किंवा पहिला पाऊस पडू द्या, आणि आठ-दहा दिवस पेरू नका. वरच्या थरातले तणाचे बी उगवेल. मग वरवर, दोन-तीन इंचांपेक्षा खोल न जाता, कुळवून ते मोडा आणि लगेच पेरा. खोल नांगर घातला तर खालचे नवे बी वर येते आणि केलेले काम वाया जाते. वायंगणात, जिथे पाणी तुमच्या हातात आहे, तिथे ही पद्धत फार चांगली चालते.

लहान तुकड्यात एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोग करता येतो. जमीन ओली करून पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकली की आतल्या उष्णतेने बरेचसे बी मरते. लव्हाळ्याचे कंद मात्र याने भरवशाने मरत नाहीत. ती अपेक्षा ठेवून प्लॅस्टिकवर पैसे घालू नका.

उगवणीआधीची फवारणी: वायंगणात हो, जुलैत नको

पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, मका आणि तण दोन्ही वर यायच्या आधी मारायचे मुख्य औषध म्हणजे ॲट्राझीन ५० टक्के भुकटी. ते तणाच्या मुळातून शिरते आणि पानात उजेडापासून अन्न तयार व्हायची क्रिया बंद पाडते. मका वाचतो, कारण त्याच्या पेशी ते रसायन बांधून निकामी करतात. तणाला बहुधा ते जमत नाही.

पत्रकावरची मात्रा हेक्टरी १ ते २ किलो भुकटी, ५०० ते ७०० लिटर पाण्यातून. हलक्या जमिनीला कमी, भारीला जास्त. आपली जांभ्याची जमीन हलकी आणि निचऱ्याची, तेव्हा खालच्या बाजूला राहा. आपण जमीन चौरस मीटरमध्ये मोजतो, म्हणून त्याच मापात सांगतो: १,००० चौरस मीटरला १०० ग्रॅम, फार तर १५० ग्रॅम.

हे औषध चालायला वरचा थर ओला लागतो. कोरड्या ढेकळांवर मारले तर ते तिथेच पडून राहते. पेरणी, हलके पाणी, वाफसा, मग फवारणी, असा क्रम ठेवा. फवारताना मागे मागे सरत जा, म्हणजे मारलेल्या जागेवर पाय पडत नाही. नंतर तीन-चार आठवडे कोळपे घालू नका. मातीवर बसलेला थर फोडला की त्या फटीतून तण वर येते.

आता पावसाळा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. ॲट्राझीन जमिनीत मुरायला १०-१५ मिलिमीटर हलका पाऊस पुरतो. इथे एका रात्रीत त्याच्या दसपट कोसळू शकतो. मग औषध उतारावरून ओहोळात जाते, किंवा जांभ्याच्या भेगांतून खाली झिरपते. तण आठ दिवसांत हिरवेगार उभे राहते, आणि औषध विहिरीच्या वाटेला लागते. ॲट्राझीनचे पाण्याशी असलेले हे नाते जगभर माहीत आहे. भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडत राहिल्यामुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. भारतात त्याला परवानगी आहे, मी ते वापरतोही, पण पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोरडीवर (उंचावरच्या जमिनीवर) आणि मुसळधार पावसाच्या अंदाजात ते मारू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. खरीप मक्यात उगवणीआधीच्या फवारणीचा मोह सोडा आणि पुढच्या टप्प्याची वाट पाहा.

मका निघाल्यावर काय लावणार, हा प्रश्नही याच औषधाच्या वेळी विचारायचा. आळसांदे, वाल, मिरची, काकडी, दोडकी, मुळा, तांबडी भाजी ही सगळी ॲट्राझीनला नाजूक. आपली जमीन आम्लधर्मी, आणि आम्लधर्मी जमिनीत ॲट्राझीन लवकर मोडते, ही जमेची बाजू. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते जास्त दिवस टिकते. पण मोडायला ओलावाही लागतो. वायंगणी मका फेब्रुवारीत निघाला आणि लगेच थोड्या पाण्यावर भाजी टोकली, तर उगवलेली रोपे कडेने पिवळी पडून बसू शकतात. शंका असेल तर त्या जमिनीतली चार घमेली माती कुंडीत भरून त्यात काकडीचे आणि आळसांद्याचे बी टाका. दोन-तीन आठवडे रोप नीट वाढले तर पुढे जा. मका कुठल्या कारणाने मोडला आणि दुबार पेरायची वेळ आली, तर त्या जागी पुन्हा मकाच घ्या.

उगवणीनंतरची फवारणी

गोव्यासाठी मी हाच टप्पा मुख्य धरतो. तण डोळ्यांसमोर असते, नेमके तेवढ्यावरच मारता येते आणि औषधही कमी लागते.

वेळ दिवसांनी मोजण्यापेक्षा तणाच्या पानांनी मोजा. शेतात आडवे चाला, पाच-सहा ठिकाणी बसा आणि रोप हातात घेऊन पाने मोजा. तणाला दोन ते चार पाने असताना फवारणी झाली पाहिजे. पावसाळ्यात ही अवस्था पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत येते, कधी त्याआधीही. माठ बोटभर असतो तेव्हा सहज मरतो. वीतभर झाल्यावर शेंडा जळतो आणि बगलेतून पुन्हा फुटतो. केन्याचे तर आणखी वेगळे. पावसात केना कोळप्याने तोडला तर त्याचा प्रत्येक तुकडा पेऱ्यावर मुळे धरतो. म्हणून केना जास्त असलेल्या शेतात आधी फवारणी आणि नंतर कोळपणी, उलट नको.

या टप्प्याला मिळणारी चांगली औषधे टेंबोट्रायोन आणि टोप्रामेझोन. दोन्ही एकाच पठडीतली. पानातला हिरवा रंग उन्हापासून जपणारे द्रव्य ती तयार होऊ देत नाहीत, म्हणून तण आधी पांढरे पडते आणि मग मरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतात गेलात की सावा आणि माठाचे मधले नवे पान दुधासारखे पांढरे, कडेला किंचित गुलाबी दिसेल. औषध लागू पडल्याची ती खूण. पूर्ण मरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. घाईने दुसऱ्यांदा मारू नका. मक्याच्या एखाद्या पानावर फिकट पट्टा आला तर घाबरायचे कारण नाही, पुढची पाने हिरवी येतात.

टेंबोट्रायोन ३४.४ टक्के: हेक्टरी २८६ मिलि, म्हणजे १,००० चौरस मीटरला साधारण २९ मिलि. त्याबरोबर येणारे चिकटद्रव्य हेक्टरी १ लिटर, म्हणजे १०० मिलि. हे चिकटद्रव्य वगळू नका. त्याच्याशिवाय औषध पानावर गोळा होऊन घरंगळते, आणि दोष औषधाला दिला जातो.

टोप्रामेझोन ३३.६ टक्के: हेक्टरी ७५ ते १०० मिलि. १,००० चौरस मीटरला अवघे साडेसात ते दहा मिलि. मात्रा इतकी लहान की झाकणाने मोजणे धोक्याचे. औषधाच्या दुकानातून बिनसुईची दहा मिलिची सिरिंज आणा आणि ती याच कामाला ठेवा. यालाही पत्रकात सांगितलेले चिकटद्रव्य हवे.

यांच्या जोडीला ॲट्राझीन भुकटी हेक्टरी १ किलो, म्हणजे १,००० चौरस मीटरला १०० ग्रॅम घातली तर परिणाम वाढतो आणि नंतर उगवणारे तणही काही काळ थांबते. देशभरातल्या मक्याच्या शिफारशींत ही जोडी आहे. पण विहीर आणि पुढचे पीक हे वर सांगितलेले दोन्ही प्रश्न इथेही लागू. पुढे लगेच आळसांदे असतील तर नुसते टेंबोट्रायोन किंवा टोप्रामेझोन मारा, थोडे तण राहील ते हाताने काढा. या दोन औषधांच्या पत्रकातही पुढच्या पिकाबद्दल सूचना असते, ती वाचायची. मेसोट्रायोन आणि ॲट्राझीन एकत्र मिसळलेले तयार औषधही बाजारात आहे, हेक्टरी साडेतीन लिटर मात्रेचे. त्यात ॲट्राझीनचा भाग मोठा आहे, हे लक्षात असू द्या आणि वरून आणखी ॲट्राझीन घालू नका.

स्वीट कॉर्नवाल्यांनी एक सावधगिरी घ्यायची आहे. दाण्याचा मका ही औषधे सहसा पचवतो. काही गोड वाणांत मात्र ती मोडणारी व्यवस्थाच कमजोर असते आणि तणाबरोबर पीकही पांढरे पडते. बियाणे विकणाऱ्याला वाणाचे नाव सांगून विचारा. नवा वाण असेल तर दोन ओळींवर मारून आठवडाभर बघा, मग बाकीच्या शेतात जा. यासाठी तण लहान असतानाच सुरुवात करावी लागते, म्हणजे हे सात दिवस हाताशी राहतात.

लष्करी अळी दिसली म्हणून त्याच पंपात कीटकनाशक घालू नका. क्लोरपायरीफॉससारखी फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके या तणनाशकांबरोबर पडली तर मक्याची औषध पचवायची ताकद कमी होते. दोन फवारण्यांत आठवड्याचे अंतर ठेवा.

लव्हाळा असेल तर

लव्हाळा जमिनीखाली कंदांची साखळी करून राहतो. वरून उपटला तर एक तुटतो आणि खालचे झोपलेले कंद जागे होतात, म्हणून नुसत्या बेणणीने तो हटत नाही. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, हेक्टरी ९० ग्रॅम, म्हणजे १,००० चौरस मीटरला ९ ग्रॅम. लव्हाळ्याला चार-सहा पाने आली की मारायचे, कारण तेव्हा पानातले अन्न खाली कंदाकडे जायला लागते आणि औषधही त्याच वाटेने उतरते. फार लवकर मारले तर औषध शेंड्यातच राहते. परिणाम सावकाश, दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर तो उपटू नका. विकत घेताना बाटलीच्या किंवा पुडीच्या पत्रकावर मका लिहिलेला आहे ना, ते बघून घ्या. एका हंगामात लव्हाळा संपत नाही, सलग दोन-तीन हंगाम धरून चला.

टू-फोर-डी आणि ग्लायफोसेट

टू-फोर-डी स्वस्त आहे, रुंद पानाच्या तणावर चालते, आणि मक्यात त्याला मान्यताही आहे. तरीही लहान तुकड्यांच्या गोव्यात मी ते मक्यात सुचवत नाही. त्याचे तुषार वाऱ्याबरोबर बांध ओलांडतात. इस्टर प्रकाराची तर वाफही उडते. शेजारच्या मिरचीची, भेंडीची, दोडक्याची, पपईची पाने पिळवटून दोरीसारखी होतात, आणि मग वाद पंचायतीपर्यंत जातो. मक्यातसुद्धा उशिरा मारले तर ताटे ठिसूळ होतात आणि पावसाळी वाऱ्यात मोडतात.

ग्लायफोसेट मक्याला मारते. ते सहन करणारा जनुकीय बदलाचा मका भारतात मान्य नाही. तसे बियाणे कोणी गुपचूप देत असेल तर घेऊ नका. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे. ओळींच्या मधून 'जपून' मारण्याचे प्रयोग तर नकोतच.

पंपाचे माप

मात्रा चुकते ती बहुधा इथे. 'एका पंपाला एवढे झाकण' या सल्ल्यात एक पंप किती जागेत संपतो, हेच सांगितलेले नसते. कोणी भरभर चालतो, कोणी सावकाश. दोघांच्या शेतात पडणारे औषध दीडपटीने वेगळे असू शकते.

शेतात दोरीने १० मीटर बाय १० मीटर चौकोन आखा. पंपात मोजून दहा लिटर साधे पाणी घाला आणि नेहमीच्या चालीने तो चौकोन फवारा. उरलेले पाणी मोजा. समजा पाच लिटर लागले. म्हणजे १०० चौरस मीटरला ५ लिटर, १,००० ला ५० लिटर. तुमचा १५ लिटरचा पंप ३०० चौरस मीटरला पुरतो. मग त्या एका पंपात टेंबोट्रायोन साडेआठ मिलि, चिकटद्रव्य ३० मिलि, ॲट्राझीन घालणार असाल तर ३० ग्रॅम. टोप्रामेझोन सव्वादोन ते तीन मिलि. हॅलोसल्फ्युरॉन २.७ ग्रॅम.

तुमच्या चालीने चार लिटरच लागले, तर पंप ३७५ चौरस मीटरला पुरेल आणि टेंबोट्रायोन पंपाला पावणेअकरा मिलि घालावे लागेल. फवारणारा माणूस बदलला, तोटी बदलली, बॅटरी पंपाचा वेग बदलला की हे माप पुन्हा घ्या. अर्धा तास जातो, पण पूर्ण हंगामाचे काम त्यावर उभे असते.

तोटी पंख्यासारखा सपाट फवारा देणारी हवी. कीटकनाशकाची गोल धुके उडवणारी तोटी इथे चालत नाही. तिचे बारीक थेंब वाऱ्यावर जातात आणि पट्टा सारखा पडत नाही. तोटी तणाच्या शेंड्यापासून साधारण दीड फूट वर, एकाच उंचीवर ठेवा. हात डावीकडे-उजवीकडे झुलवू नका, सरळ चालत पट्टा ओढा. ॲट्राझीनची भुकटी थेट पंपात टाकू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून घाला आणि मधूनमधून पंप हलवा, नाहीतर ती तळाला बसते. पाणी स्वच्छ घ्या. पावसाळ्यात ओहोळाचे लाल पाणी तोटी तुंबवते.

फवारणीचा दिवस

वायंगणात सकाळचे दव पानावरून उतरू द्या आणि समुद्राकडचा वारा सुटायच्या आत काम आटपा. साधारण नऊ ते अकरा ही वेळ चांगली. पावसाळ्यात अंदाज पाहून उघडीप धरा. फवारणीनंतर चार तास पाऊस नको. पत्रकात कमी वेळ लिहिलेला असला तरी चार तास धरा. चिखलात पाणी साचलेले असेल तर थांबा. मुळे गुदमरलेला मका आधीच पिवळा असतो, आणि त्या अवस्थेत औषधाचा ताण त्याला सोसत नाही.

विहीर, झरी, तळे यांच्या कडेला मोकळा पट्टा सोडा आणि तिथले तण हाताने काढा. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. बांधावर गुरे बांधली असतील तर हलवा.

एक गोष्ट आपल्याकडे फार जपायला हवी. पहिल्या पावसात टाकळा आणि कुर्डूची कोवळी पाने खुडायला बायका बांधाबांधाने फिरतात. शेत कोणाचे आहे, त्यात काय मारले आहे, हे त्यांना कळत नाही. फवारलेल्या शेताच्या कडेला काठीला लाल फडके बांधा आणि वाड्यावर तोंडी सांगा. फवारणीच्या आधी खाण्याजोगी भाजी स्वतः खुडून घेतली तर आणखी बरे.

लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, बूट, नाकातोंडावर मास्क हे दमट हवेत नकोसे होते, तरीही घाला. विशेषतः औषध मोजताना हातमोजे लागतातच, कारण तेव्हा ते सर्वांत तीव्र असते. मधे विडी, पान, चहा नको. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले किंवा चक्कर आली तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना दाखवायला औषधाची बाटली बरोबर न्या.

त्यानंतर

फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी शेत फिरून बघा. ३० ते ३५व्या दिवशी युरियाचा हप्ता देताना मातीची भर द्या. ओळीतले उरलेसुरले बारीक तण मातीखाली जाते आणि मक्याचे ताटही वाऱ्याला घट्ट उभे राहते. त्यातूनही सुटलेला माठ किंवा सावा फुलावर यायच्या आत उपटून काढा. माठाचे एक मोठे झाड हजारोंनी बी टाकते.

दर हंगामाला तेच औषध वापरू नका. नुसते ॲट्राझीन मारत राहिलात तर रुंद पानाचे तण कमी होऊन गवत आणि लव्हाळा वाढतो. एकाच पठडीच्या औषधाला न दबणारे माठ जगातल्या मोठ्या मकापट्ट्यांत आधीच तयार झाले आहेत. एका वर्षी फवारणी, दुसऱ्या वर्षी उगवलेले तण मोडून पेरणी आणि कोळपे, मधे भाताचे पीक, असा फेर ठेवा. भातात पाणी साचते तेव्हा कोरडवाहू तणाचे बरेच बी आपोआप बाद होते. न ओळखलेले तण दिसले तर मुळासकट उपटून कागदात गुंडाळा आणि विभागीय कृषी कार्यालयात, उत्तर गोव्यात जुने गोवे किंवा दक्षिणेत मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. पानाच्या फोटोपेक्षा पूर्ण रोप पाहून लवकर सांगता येते.

रिकाम्या बाटल्या तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कोणी त्यात रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. पंप, नळी आणि तोटी साबणाच्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने दोनदा काढा. ते धुवण शेतातच, विहिरीपासून दूर पसरा. जमत असेल तर तणनाशकाला वेगळा पंप ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. मक्याला मारलेल्या पंपाने दुसऱ्या दिवशी मिरचीवर कीटकनाशक फवारले, तर नळीत राहिलेले दोन घोटसुद्धा मिरचीचे शेंडे पांढरे करायला पुरतात.